चौथी झोप

अळ्या झोपल्या की त्या घरात मोठ्यानं बोलायचं नाही, असा नियम होता. कुणी घातला, कधी घातला, कुणाला ठाऊक नाही. रेशमाच्या अळीला कान नसतात, हे धाकटीनं पुस्तकात वाचून एकदा जेवताना सांगून टाकलं होतं. आई म्हणाली, "कान नसेनात का. झोप तर आहे ना?" त्यावर पुस्तकाचं काय चालणार?

तर अळ्या झोपल्या की भांडी अलगद ठेवायची. बापाला खोकला आला की तो अंगणाच्या पार टोकाला जाऊन खोकायचा आणि परत येताना चोरपावलांनी यायचा. थोरली विळ्याला धार लावायला विहिरीच्या काठावर जायची. आणि फोन मुके करायचे. घरात फोन दोन. एक बापाचा, काच तडकलेला. दुसरा धाकटीचा, म्हणजे तिच्या अभ्यासाचा.

झोपेचे दिवस हे खरे धाकटीचे दिवस. कुणी हाक मारत नाही, कुणी ओरडत नाही. शेडच्या दाराशी पालथ्या टोपलीवर बसायचं, पाठ भिंतीला, फोन गुडघ्यावर, आणि अंगठा वर, वर, वर सरकवत राहायचं. काचेतून कुठली कुठली माणसं यायची. कुणी नाचायचं, कुणी केक कापायचं, कुणाचं मांजर पलंगावरून पडायचं. बर्फाचे डोंगर यायचे आणि जायचे. समोरच्या मांडणीवर हजारो अळ्या डोकी वर उचलून थिजलेल्या, आणि ह्यांच्यासमोर धाकटी डोकं खाली घालून थिजलेली. दोन्हीकडे सारखीच शांतता. पत्र्यावर टाकलेल्या ओल्या पोत्यातून एक थेंब पडायचा, मग बऱ्याच वेळानं दुसरा.

शेड घराला लागून होती, मध्ये एकच भिंत. अळ्या जाग्या असल्या आणि तुतीचा पाला खात असल्या की त्या भिंतीतून आवाज यायचा. लांब कुठंतरी कुणी वाळूचं पोतं सावकाश ओतत असावं, तसा. धाकटी त्या आवाजात जन्मली, त्यातच रांगली. तो थांबला की तिला झोपेतून जाग यायची.

अंड्यातून निघाल्यापासून कोष विणेपर्यंत अळी चारदा झोपते. खाणं सोडते, पायांनी पानाला घट्ट धरते, डोकं उचलते आणि दगड होते. उठते ती जुनी कातडी मागं टाकूनच. चार झोपा, चार काती. त्यानंतर आठवडाभर हावऱ्यासारखं खाणं, आणि मग कोष. एवढंच तिचं आयुष्य. त्यात 'उद्या बघू' म्हणायला जागाच नाही.

त्या वर्षी ऊन लवकर चढलं होतं. विहिरीचं पाणी पायऱ्या सोडून खाली गेलेलं. तुतीची पानं हिरवी असूनही हातात घेतली की कागदासारखी लागायची. मागच्या खेपेच्या अळ्या त्या पाल्यानं आणि उन्हानं पिवळ्या पडून, फुगून, फुटून गेल्या होत्या. आईनं त्या सुपानं भरून खड्ड्यात टाकल्या, आणि तीन वेळा साबणानं हात धुऊनही ती वास घेत बसली होती. आता ही खेप. ही साधली तर घराचं वर्ष साधलं. बाकी घरातलं कुणी काही बोलून दाखवत नव्हतं, पण आई शेडमध्ये जाताना चपला बाहेर काढून, पाय धुऊन, अशी जायची की जणू आत कुणी बाळंतीण आहे.

आणि ह्याच खेपेच्या अळ्यांवर धाकटीनं आपली शाळा बांधून घेतली होती.

गावातल्या शाळेचं हे शेवटचं वर्ष. पुढची शाळा मोठ्या गावात, तिथंच राहायचं. विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं होतं, प्रत्येकानं काहीतरी जिवंत निरखायचं आणि त्याच्या वाढीच्या खुणा पेटीत मांडून आणायच्या. पेटी नाही तर विज्ञानाचा शेरा नाही. शेरा नाही तर पुढच्या शाळेच्या अर्जावर सही नाही. कुणी बियांचे कोंब म्हणालं, कुणी पिसं. धाकटीनं हात वर केला. "बाई, मी रेशमाच्या अळीच्या चारी काती आणीन. पाचव्या घरात कोष."

बाईंचे डोळे चमकले. "चारी? जमेल?"

"घरातच आहेत बाई. कुठं जायचंय?"

"फोटो चालणार नाहीत हं. वस्तू पाहिजे."

बापानं हे ऐकलं आणि पाल्याच्या भाऱ्यावर बसून निकाल दिला. "पेटी शाळेत पोचली, तर पुढच्या शाळेत घालतो. नाही पोचली, तर विळा घे. हात कमी पडतायत घरात. मग रडायचं नाही."

थोरली तिथंच उभी होती. तिला सातवीतून काढलं तेव्हा कुणी पेटी-बिटी मागितली नव्हती. हात कमी पडतात म्हणाले आणि काढली. ती भारा उचलून आत गेली.

पेटी मात्र धाकटीनं त्याच दुपारी केली. चपलांचं खोकं, आत पुठ्ठ्याची पाच घरं, निळा कागद, कडेला चांदीची पट्टी. घरांवर वळणदार अक्षरात पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, कोष. मग तिचा फोटो काढला आणि मैत्रिणीला पाठवला. मैत्रिणीचं वर्गातलं नाव टिटवी, कारण ती गप्प बसत नसे. टिटवीनं वर्गाच्या गटात तो फोटो टाकला. लाल बदाम आले, टाळ्या आल्या. 'एक नंबर!' 'तुझं तर झालंसुद्धा!' धाकटीच्या पोटात असं काही गोड गोड झालं की काम निम्मं उरकल्यासारखं वाटलं. पेटी पूर्ण रिकामी होती. पण वाटलं खरं.

पहिल्या झोपेची कात राखेच्या कणाएवढी. ती कोंबडीच्या पिसानं उचलावी लागते. धाकटी वाकली, बघितली, म्हणाली, 'ही काय दिसणार पेटीत. मोठ्या तीन तर लावू, हिचं नंतर बघता येईल.' नंतर म्हणजे केव्हा? अळी काय मागं जाऊन पुन्हा लहान होणार होती? पण हा प्रश्न पालथ्या टोपलीवर बसलेल्या माणसाला पडत नाही. तिथं सगळंच नंतर होण्यासारखं असतं. मांजराचा व्हिडिओ तेवढा आत्ता असतो.

दुसऱ्या झोपेला ती पीस घेऊन बसली होती. खरंच बसली होती. टिटवीनं विचारलं, 'काय करतेयस?' तिनं लिहिलं, 'कात गोळा.' टिटवीनं लिहिलं, 'ईईई.' मग टिटवीनं एक गंमत पाठवली, त्या गमतीखाली दुसरी होती, तिच्याखाली तिसरी. पीस मांडीवरून घरंगळून कुठं गेलं कळलंच नाही. भान आलं तेव्हा थोरली ताजा पाला अंथरत होती आणि वाळूचं पोतं ओतल्याचा तो आवाज सुरू झाला होता.

"ताई, थांब ना गं! काती राहिल्या माझ्या!"

"मी थांबीन. ह्यांची तोंडं थांबवून दाखव."

तिसऱ्या वेळी तिनं फोटो काढले. खूप काढले. जवळून, लांबून, तिरके. कातीतून अर्धी बाहेर आलेली अळी इतकी सुंदर आली की तिनं ती फोनच्या पडद्यावरच लावून टाकली. फोटो मिळाला, म्हणजे जणू कातच मिळाली, असं वाटून ती निश्चिंत झाली. रात्री अंथरुणात तिच्या ध्यानात आलं की प्रत्यक्षातली कात तिनं बोटानं बाजूला सारली होती. फोटोत मध्ये येत होती म्हणून.

आता फोनला शिव्या घालणं सोपं आहे. कुणीही उठतो आणि घालतो. पण तो तिच्या हातात कुणी दिला? शाळेनं. धडे त्यात येणार, गृहपाठ त्यात येणार, सुट्टीची सूचनाही त्यातच. घेतला नाही तर पोरगी मागं पडेल, असं बापाला बोलावून सांगितलं. आणि त्याच शाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरात रंगवलंय, मुलांना मोबाईलपासून दूर ठेवा. विहिरीत ढकलायचं आणि वरून ओरडायचं की पाण्यापासून लांब राहा. बाप तरी काय करत होता? स्वतःची विहीर आटत चाललेली, आणि हा दुपारी तडकलेल्या काचेत कुठल्या परक्या मुलखात बोअर मारतायत ते बघत बसायचा. यंत्र जमिनीत घुसायचं, चिखल उडायचा, मग पांढरं पाणी उंच उसळायचं. बापाचा चेहरा त्या पाण्यानं भिजल्यासारखा व्हायचा. आई म्हणायची, "अहो, पंपाचा वॉशर बदलायचाय ना?" तो म्हणायचा, "हो, हे एवढं पाणी लागू दे." त्या पोरीला आळशी म्हणणारी माणसं ही अशी होती.

चौथी झोप लागली. शेवटची.

धाकटीनं मनाशी पक्कं केलं. एक तरी. एक कात आणि एक कोष. दोन घरं भरलेली पेटी घेऊन बाईंपुढं उभं राहायचं, बाकीचं काहीतरी सांगता येईल. आईनं झोपलेल्या अळ्यांवर चुना भुरभुरला, बिछाना कोरडा राहावा म्हणून. पांढऱ्या धुक्यात हजारो डोकी वर. शेड एखाद्या जत्थ्यासारखी दिसत होती. सगळे कुणाची तरी वाट बघत उभे राहिलेत आणि तो येतच नाही.

उठायची वेळ सकाळची होती. धाकटी उठली, पीस घेतलं, काडेपेटी घेतली. फोनही घेतला. वेळ बघायला. वेळ बघताना टिटवीची पेटी दिसली, तिनं गटात टाकलेली. चिमण्यांची पिसं, नीट ओळीनं, खाली नावं. पूर्ण. ती पेटी बघून धाकटीच्या छातीत जे धस्स झालं, ते झटकायला तिनं दुसरं काही उघडलं. भीती वाटली की ती ह्याच काचेत शिरायची. भीती ज्याची, ते काम हाताच्या अंतरावर. पण काच त्याहून जवळ.

अळ्या उठल्या. काती पडल्या. थोरलीनं पाला टाकला. आई म्हणाली, "बिछाना काढून घेते, चुन्याचा थर फार झालाय." धाकटी म्हणाली, "काढ, मी मागाहून त्या कचऱ्यात शोधते." संध्याकाळी ती खड्ड्यावर गेली तर काळी-पांढरी माती आणि काड्या. बोटांत धरलं ते सगळं पीठ झालं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. पेटी कपाटावर ठेवून दिली, चांदीची पट्टी भिंतीकडे करून.

मग आठवडाभर घरात कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. अळ्या आता बोटाएवढ्या झाल्या होत्या, आणि बिछान्यावर पाला ठेवता ठेवता काड्या उरायच्या. थोरलीच्या तळहाताला विळ्याचे घट्टे होते, त्यांवर नवे फोड आले. आई उभ्या उभ्या घास घ्यायची. आणि पाला कमी, ऊन जास्त म्हणून ह्या खेपेत अळ्या एकसारख्या वाढल्या नव्हत्या. मोठ्यांच्या पायाखाली काही बुटक्या राहिल्याच होत्या, मागं पडलेल्या, सुरकुतलेल्या. आई त्यांच्याकडे बघून जीभ टाळूला लावायची. "ह्यांचं काही खरं नाही."

मोठ्या पिकायला आल्या. पिकलेली अळी खाणं सोडते. अंग मधासारखं पारदर्शक होतं. डोकं उचलून डावीउजवीकडे डोलवते, आधार शोधत. तिला त्याच वेळी उचलून चंद्रिकेवर, म्हणजे बांबूच्या पट्ट्या गोल गोल वळवून केलेल्या चटईवर ठेवावं लागतं. त्या वळणांच्या सांदीत ती कोष विणते. ठेवली नाही तर ती चालत सुटते, आणि आतलं रेशीम वाटेल तिथं ओकून रिकामी होते.

चंद्रिका कमी पडत होत्या. बाप टेंपोवाल्याला घेऊन पलीकडच्या वस्तीवर आणायला गेला. आई आणि थोरली खालच्या मांडण्यांना शेवटचा पाला आणायला गेल्या. जाताना आई म्हणाली, "वरच्या मांडणीवर नजर ठेव. डोलायला लागल्या की अंगणात येऊन हाक मार. मी ऐकते."

"हो."

"फोन ठेव तो."

"बाईंचा निरोप येणारे आई. पेटीचा."

थोरली दारातून म्हणाली, "बाईसाहेबांची पेटी! आत काय आहे गं तिच्यात? वारा?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. 

दुपार होती. पोत्यांतून थेंब पडत होते. आणि तिला एकदम सुचलं. पेटी नाही तर नाही, आपण व्हिडिओ करू! अळी पिकण्यापासून कोष विणेपर्यंत. असा सुंदर करू की बाई काती विसरतील. तिनं टोपलीवर उभं राहून वरची मांडणी टिपायला घेतली. अंगातून ऊन आरपार जाणाऱ्या अळ्या, डोलणारी डोकी. फार देखणं आलं. त्याला गाणं लावलं. पाठवलं. आणि भिंतीला टेकून बसली, कोण काय म्हणतंय ते बघत.

बदाम येऊ लागले. एक, मग पाच, मग थांबले, मग अनोळखी माणसांचे आले. प्रत्येक बदामाला पोटात तसंच गोड गोड. कुणी विचारलं, 'हे खरं आहे का?' ती उत्तर लिहू लागली. मानेवर एक गार थेंब पडला. पोत्याचा असेल म्हणून तिनं पुसला. पोत्याचा नव्हता. अळी विणायला बसण्याआधी अंगातलं उरलंसुरलं पाणी टाकून देते, हे ह्या घरातल्या कुत्र्यालाही कळलं असतं. तिनं पुसला आणि लिहीत राहिली.

मग उजेडात काहीतरी चमकू लागलं. तिला वाटलं, डोळे शिणले. हवेत आडवेतिडवे धागे होते, इतके बारीक की श्वासानं हलायचे. मांडणीच्या खांबापासून छताच्या दोरीपर्यंत, दोरीपासून भिंतीपर्यंत. सगळी शेड जरा जरा झळाळत होती, पाण्याखालून बघावं तशी. तिला ते कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं, काचेतल्याच कुठल्या देशात. आणि हातातल्या फोनच्या कडेवरून एक पिकलेली अळी चढून आली.

धाकटीनं तिला झटकलं नाही. का, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. अळी काचेवर आली. खाली बदाम येत होते, ती वरून डोकं फिरवत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे. सांदी कुठंच नव्हती, सगळं गुळगुळीत. म्हणून ती कोष विणतच नव्हती, नुसतं रेशीम सपाट अंथरत होती. काचेवर, काचेवरून धाकटीच्या अंगठ्यावर, पुन्हा काचेवर. अंगठा बांधला जात होता आणि तिला कळत होतं, आणि तरी ती बघत होती. पडद्यावरचे शब्द धुक्यात जाऊ लागले.

"अगं ए! काय झालंय हे!"

आई दारात होती. तिच्या हातातला भारा खाली पडला.

वरची सगळी मांडणी चालती झाली होती. भिंतीवर, खांबावर, दोरीवर वाळत घातलेल्या आईच्या लुगड्यावर, थोरलीच्या चपलेत. जिथं सपाटी मिळाली तिथं नुसता पांढरा पापुद्रा. आई आणि थोरली दोन्ही हातांनी वेचू लागल्या. धाकटी वेचायला गेली तर थोरलीनं कोपरानं तिला बाजूला केलं.

त्यात टेंपो आला. बाप चंद्रिका घेऊन आत आला, मागून टेंपोवाला. त्यानं चारी बाजूंना नजर फिरवली आणि हसला. "वा! भिंतीला रेशमी सदरा शिवला की राव. आम्हाला कधी उपरणं मिळालं नाही तुमच्याकडून!"

बाप हसला नाही, रागावलाही नाही. परक्या माणसासमोर माणसाला दोन्ही करता येत नाही. त्यानं चंद्रिका भिंतीला लावल्या, टेंपोवाल्याला पाणी दिलं, दारापर्यंत सोडलं. मग परत आला.

"पेटी आण."

धाकटीनं आणली. बापानं झाकण काढलं. पाच घरं, वळणदार अक्षरं. त्यानं बोट घालून प्रत्येक घर चाचपलं, जणू उजेड कमी आहे म्हणून दिसत नसेल.

"बास," तो म्हणाला. "झाली शाळा. उद्यापासून विळा. हा फोन आला आणि घर बुडालं."

"मला काढलंत तेव्हा कुठं होता फोन?"

थोरली होती. भिंतीकडे तोंड करून पापुद्रा सोडवत होती. मागं वळलीसुद्धा नाही.

"काय म्हणालीस?"

"मला सातवीतून काढलंत. तेव्हा माझ्याकडे फोन नव्हता. माझं काही राहिलं नव्हतं. पहिली येत होते. तेव्हा काय सांगितलंत? हात कमी पडतात. आजही हातच कमी पडतायत. तसं सांगा ना मग. फोनच्या आड कशाला लपता? आणि मी तिची बाजू घेते असं नाही, ती माजलीच आहे. तिच्या दोन थोबाडीत द्यायला माझेच हात शिवशिवतायत. पण खरं ते बोला."

बापाच्या हातात झाकण तसंच होतं. खाली मोठ्या अळ्या उरलेला पाला खात होत्या, तोच वाळूचा आवाज. आई म्हणाली, "बोलणं मागाहून करा. आधी ह्या उचला." मग सगळेच उचलू लागले. बापही.

धाकटीनं फोनवरचा पापुद्रा नखानं सोडवला. ती अळी आखडून, रिकामी होऊन, कडेला लोंबत होती.

चंद्रिका भरल्या. वरची मांडणी जवळजवळ गेली, खालच्या वाचल्या. संध्याकाळी आई रिकाम्या मांडण्या झाडायला लागली. काड्यांत त्या बुटक्या उरल्या होत्या, ज्यांचं काही खरं नव्हतं. आईनं त्या टोपलीत झाडून घेतल्या, खड्ड्यात टाकायला.

धाकटी त्या टोपलीकडे बघत राहिली. मग जवळ गेली. वाकली. एका बुटकीनं डोकं उचललेलं होतं. दुसरीनंही. अंग ताणलेलं, चकचकीत.

"आई, ह्या झोपल्यायत."

"असतील. मागं राहिल्या ना. आता त्यांची चौथी झोप."

"चौथी?"

"मग काय सांगतेय. उठल्या तरी उपयोग नाही, पाला कुठाय. टाक."

"मला दे."

आईनं तिच्याकडे पाहिलं. टोपली खाली ठेवली, कंबरेवर हात ठेवला आणि बाहेर गेली.

तिनं टोपली शेडच्या मागच्या भिंतीच्या सावलीत नेली. तुतीची झाडं तोडून तोडून नुसत्या काठ्या झाली होती. ती काटेकुंपणापर्यंत गेली, हात ओरबाडून घेतले, आणि मूठभर कोवळे शेंडे आणले. थोडा चुना भुरभुरला. बसली. पालथं घालून बसायला काही नव्हतं, जमिनीवरच. फोन शेजारी होता. तो घरात ठेवून द्यायचीही सोय नव्हती, कारण पेटीचा शेवटचा दिवस कधी ते बाई त्यातच सांगणार होत्या. तो मुका होता, पण उजळायचा. दर थोड्या वेळानं त्याची काच उजळायची आणि तिची मान आपोआप तिकडे वळायची. ती मान परत आणायची. पुन्हा वळायची. पुन्हा आणायची. दिवसभर पाला वाहण्यापेक्षा ते जड होतं. कुणाला सांगितलं तर हसतील, पण होतं.

अंधारल्यावर थोरली आली, तिच्याजवळ ताट ठेवलं. "जेव. मरतील त्या. निम्म्या तर मरतीलच." आणि गेली नाही. बसली. दोघी गप्प. झोपेचा नियम अजून चालू होता ना.

सकाळपर्यंत निम्म्या मेल्या. धाकटीचा डोळा लागला होता की नव्हता, तिला सांगता आलं नसतं. उन्हाची पहिली तिरीप टोपलीत आली तेव्हा एक बुटकी हलली. मानेमागं कातडी उसवली, शिवण उसवावी तशी. आतून ओली, फिक्या रंगाची, सुरकुतलेली नवी अळी पुढं सरकली. जुनी कातडी मागं मागं जाऊ लागली, मोजा उतरावा तशी, गोळा होत, शेपटाकडे. तोंडावर मात्र जुन्या डोक्याचा मुखवटा अडकून राहिला. अळीनं तो पानाच्या काठावर घासला, पुन्हा घासला. तो गळून पडला. टक्क की टिक्क, काहीतरी वाजलं असं धाकटीला वाटलं. मग अळी थांबली. समोर कोवळा शेंडा होता, भूक असणारच; पण ती खाईना. नुसती श्वास घेत पडली, बराच वेळ. जन्मल्यापासून ह्या घरात राहून धाकटीनं हे कधी बघितलं नव्हतं. हजारो वेळा तिच्या पाठीमागं झालं असेल.

थोरली रात्रभर तिथंच होती; तिनं कोंबडीचं एक पीस पुढं केलं. धाकटीनं ते घेतलं, टोक जिभेला लावलं, आणि कात उचलली.

शेवटच्या दिवशी बाईंच्या टेबलावर पेट्यांची रांग होती. धाकटीच्या पेटीत चौथी कात आणि चंद्रिकेवरचा एक कोष. बाईंनी घरं मोजली.

"तीन घरं रिकामी."

"हो बाई."

"चारी आणीन म्हणाली होतीस."

"घालवल्या."

"फोटो तरी असतील?"

"खूप आहेत. पण फोटो काढताना मी बघितलं नव्हतं." तिनं चौथ्या घरावर बोट ठेवलं. "ही एक बघितली."

"सांग बघू."

तिनं सांगितलं. उसवणं, सरकणं, मुखवटा, घासणं, आणि भूक असून न खाता पडून राहणं. टिटवीसुद्धा गप्प बसून ऐकत होती. बाईंच्या टेबलावरचा फोन मध्येच उजळला. बाईंची मान तिकडे वळली. मग त्यांनी ती परत आणली. धाकटीला ते ओळखीचं वाटलं.

"पास होशील एवढंच देते," बाई म्हणाल्या. "त्याहून जास्त देणं हे ह्या बाकीच्यांवर अन्याय होईल." आणि सही केली.

घरी बाप पंपाजवळ बसला होता, वॉशर बदलत. तडकलेला फोन खिशात. धाकटीनं अर्ज पुढं धरला. बापानं तेलकट हात पँटला पुसले, सही बघितली, मग तिच्याकडे.

"एकच कात?"

"एकच."

बापानं वॉशर दाबून बसवला. आतून थोरलीच्या विळ्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"मग एकच वर्ष," बाप म्हणाला. "पुढचं पुढं बघू."

"बघू नका," आतून आवाज आला. "आत्ताच काय ते बोला."

बापानं पान्याकडे हात नेला, पान्यानं डोकं खाजवलं. "दोन," तो म्हणाला. "दोन वर्षं. आणि सुट्टीला पाला."

धाकटीच्या हातातला फोन उजळला. तिनं बघितलं. खोटं कशाला सांगायचं, बघितलं. टिटवी विचारत होती, काय म्हणाले? उत्तराला अंगठा उचलला होता. मग आत पुन्हा विळा सुरू झाला. तिनं फोन पालथा करून पंपाच्या ओट्यावर ठेवला, बापाशेजारी, आणि थोरलीच्या पुढ्यातला अर्धा भारा घ्यायला आत गेली.